राजधानी गेली, गाव राहिलं

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्या खान्देशातल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘यंदा कुठं जायचं?’ मग ठरलेली नावं निघतात. अजिंठा पाहून झालेला असतो, वणीच्या देवीला दरवर्षी जाणं होतंच, तोरणमाळला पोरं कंटाळतात, उज्जैन-ओंकारेश्वर म्हातारपणासाठी राखून ठेवलेलं असतं. अलीकडं ज्यांना परवडतं ते परदेशाची सहल धरतात. पण शिरपूर तालुक्यातल्या तापीकाठच्या थाळनेरला जाऊ या, असं कुणी म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. आज मी तुम्हाला त्याच गावाला घेऊन जाणार आहे.

त्याआधी थोडं दूरचं सांगतो. माझे एक स्नेही धुळ्याच्याच एका कार्यालयातून निवृत्त झाले आणि पत्नीसह भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर जाऊन आले. परत आल्यावर पंधरा दिवस ते एकाच गावाबद्दल बोलत होते. त्या गावाचं नाव मदिना. टेकडीवर तटबंदीच्या आत वसलेलं, जेमतेम अडीचशे वस्तीचं हे गाव. पिवळसर दगडाच्या भिंती, दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढ्या गल्ल्या, गाड्यांना जवळपास मज्जाव. तिथले लोक त्याला ‘शांत नगरी’ म्हणतात. एके काळी हीच माल्टाची राजधानी होती. १५३० साली सेंट जॉनचे धर्मयोद्धे बेटावर आले. त्यांना आरमारासाठी बंदर हवं होतं, म्हणून त्यांनी आपला कारभार समुद्रकाठी हलवला. राजधानी गेली, गाव मागे राहिलं. आणि मागे राहिलं म्हणूनच ते जुनं राहिलं. आज जगभरातून माणसं ते बघायला येतात.

स्नेह्यांचं वर्णन ऐकताना मला सारखं थाळनेर आठवत होतं. कारण गोष्ट अगदी तीच. थाळनेर ही खान्देशच्या स्वतंत्र राज्याची पहिली राजधानी. तिचाही कारभार दुसरीकडं हलला आणि तेही गाव मागे राहिलं. फरक एवढाच, की मदिनाला बघायला माणसं विमानानं जातात आणि थाळनेरला आपण पन्नास-साठ किलोमीटरवरूनसुद्धा जात नाही.

धुळ्याहून शिरपूर साधारण पन्नास किलोमीटर. तिथून आग्नेयेला पंधराएक किलोमीटर गेलं की थाळनेर येतं. जळगावकडून येणाऱ्यांनी चोपड्यावरून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता धरावा आणि शिरपूरच्या अलीकडं तापीच्या बाजूला वळावं. दोन्ही बाजूंना कापूस, केळी, हंगामाप्रमाणे दादर किंवा गहू. काळीभोर जमीन. ही जमीन डोळ्यांत भरली, म्हणजे इथं राज्य का उभं राहिलं याचं निम्मं उत्तर मिळतं.

ते राज्य उभं कसं राहिलं, याची एक गोष्ट फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक गुजरातेत शिकारीला गेला असताना लवाजम्यापासून चुकला. भुकेनं व्याकूळ झाला. रानात त्याला शिकारी कुत्री घेऊन हिंडणारा एक साधा शिपाईगडी भेटला. त्यानं होती ती शिकार शिजवून सुलतानाला जेवू घातलं. सुलतानानं नाव विचारलं, ते मलिक राजा. पुढं १३७० साली थाळनेर आणि आसपासचा मुलूख त्याला जहागीर म्हणून मिळाला. गोष्ट खरी किती आणि रंगवलेली किती, हा भाग वेगळा. पण जहागीर खरी आणि पुढचंही खरं. दिल्लीची सत्ता ढिली पडल्यावर १३८२ मध्ये मलिक राजा स्वतंत्र झाला. आपलं घराणं खलिफा उमर फारुक यांच्यापासूनचं, असं तो सांगे, म्हणून हे फारुकी घराणं. या घराण्यानं १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेईपर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षं खान्देशावर राज्य केलं. ‘खान्देश’ हे नावच या घराण्याच्या ‘खान’ या किताबावरून पडलं, असं एक मत आहे. तेव्हा आपण ‘आम्ही खान्देशी’ म्हणतो, त्यातलं अर्धं नाव बहुधा थाळनेरवरून आलेलं आहे.

मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्यानं राज्य दोन मुलांत वाटून दिलं होतं. थोरल्या नसीरखानाला लळिंग आणि धाकट्याला थाळनेर. धुळ्याहून मालेगावकडं जाताना महामार्गाशेजारी डोंगरावर जो किल्ला दिसतो, तोच हा लळिंग. आता आपल्याकडं भावाभावांच्या वाटणीचं जे होतं, तेच तेव्हाही झालं. थोरल्याला धाकट्याची वाटणी डोळ्यांत खुपू लागली. त्यानं माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन १४१७ मध्ये थाळनेर जिंकलं. पण तोवर नसीरखानानं असीरगड ताब्यात घेतला होता आणि तापीच्याच काठी बऱ्हाणपूर वसवलं होतं. असीरगडासारखा बुलंद किल्ला पाठीशी असल्यावर राजधानी तिकडं जाणं ओघानंच आलं. आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, म्हणून आपल्याला ते परकं वाटतं. पण तापी या दोन्ही गावांना एकाच पाण्यानं बांधते.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. राजधानी गेली तरी राजे थाळनेरला विसरले नाहीत. मलिक राजा इथंच पुरला गेला, त्यात नवल नाही. पण बऱ्हाणपूर वसवणारा नसीरखान, त्याचा मुलगा मीरान आदिल आणि नातू मीरान मुबारक हे तिघंही चिरविश्रांतीसाठी इथंच आले. नसीरखान १४३७ मध्ये, मीरान आदिल १४४१ मध्ये आणि मीरान मुबारक १४५७ मध्ये. आपल्याकडं माणूस नोकरीला मुंबई-पुण्याला गेला, तरी मातीला गावी यावं अशी इच्छा धरतो. या राजांचंही तसंच झालं असावं.

थाळनेरला गेल्यावर पहिल्यांदा बघायचे ते हे घुमट. बहुतेक चौकोनी आहेत. त्यांतला एक अष्टकोनी आहे, तो मीरान मुबारकचा. त्याच्यावर शिलालेख आहे, नक्षीही इतरांपेक्षा जास्त. मी तिथं गेलो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं आणि घुमटाच्या सावलीत दोन शेळ्या निवांत बसल्या होत्या. ताजमहाल बांधला जाण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीची ही वास्तू. तिच्याकडं ताजमहालाच्या अपेक्षेनं बघू नये. दिल्लीकडची घुमटाची कल्पना घेऊन आलेल्या लोकांनी तापीकाठच्या कारागिरांकडून ती कशी उतरवून घेतली, हे बघावं. भिंतींची जाडी बघावी. चौकोनावर गोल घुमट बसवताना कोपऱ्यात काय युक्ती केली आहे, ते आत उभं राहून, मान वर करून बघावं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हेच दाखवावं. भूमितीच्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्यांना ते लवकर समजतं.

काही जण विचारतात, ‘सुलतानांच्या कबरी कशाला बघायच्या?’ प्रश्न विचारायला हरकत नाही. माझं उत्तर साधं आहे. हे राजे दिल्लीला खंडणी पाठवून इथलं धान्य उपसून नेणारे सुभेदार नव्हते. ते इथं राहिले, त्यांच्या पिढ्या इथं वाढल्या, शेजारच्या गुजरात आणि माळव्याशी भांडले, त्यांच्याशी सोयरिकी केल्या आणि शेवटी इथल्याच मातीत गेले. खान्देशाचा इतिहास सांगायचा आणि त्यांना वगळायचं, तर सव्वादोनशे वर्षांची पानं कोरी सोडावी लागतील.

राजधानी गेल्यावरही गावाची भरभराट थांबली नाही, कारण सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा रस्ता इथून जात होता. १६१० मध्ये विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी या वाटेनं गेला. वाटेवर चोरांचा सुळसुळाट आहे, गाव चांगलं आहे, किल्ला आहे आणि पावसाळ्यात नावेशिवाय नदी ओलांडता येत नाही, अशी त्याची नोंद आहे. जहांगीर बादशहाकडं निघालेला इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच मार्गानं गेला. पुढं हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए यानंही आपल्या प्रवासवर्णनात सुरत-बऱ्हाणपूर रस्त्यावरचा टप्पा म्हणून थाळनेरचं नाव घेतलं आहे. म्हणजे लंडन-पॅरिसच्या वाचकांना चारशे वर्षांपूर्वी थाळनेर वाचून माहीत होतं. आज धुळे-जळगावच्या वाचकाला ते नकाशात शोधावं लागतं.

घुमट पाहून झाले की नदीकडं जावं. किल्ला तिथं आहे, किंवा होता असं म्हणावं लागेल. आज दिसतो तो मातीचा मोठा उंचवटा आणि तटा-बुरुजांचे थोडे अवशेष. खाली तापीचं रुंद पात्र. पण दोनशे वर्षांपूर्वी हा किल्ला कसा होता, याचं वर्णन इंग्रजांच्या फौजेतल्या व्हॅलेंटाइन ब्लॅकर या अधिकाऱ्यानं १८२१ मध्ये छापलेल्या ग्रंथात वाचायला मिळतं. तट सुमारे साठ फूट उंच, एक बाजू थेट नदीत उतरलेली, उरलेल्या तीन बाजूंना खोलगट भाग, आत जायला एकच वाट आणि त्या वाटेवर एकामागून एक पाच दरवाजे. वळणावळणानं चढत जाणारी ती वाट.

त्या पाच दरवाज्यांत २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जे घडलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि होळकरांचा खान्देशातला मुलूख कंपनी सरकारकडं गेला. त्यात थाळनेर होतं. महिदपूर जिंकणारा सेनापती सर टॉमस हिस्लॉप आपली फौज घेऊन सेंधव्याच्या घाटानं खाली उतरला. सेंधव्याचा किल्ला विनातक्रार मिळाला. थाळनेरलाही तसंच होईल, असा त्याचा अंदाज होता. पण किल्ल्यातून गोळीबार झाला. आत सुमारे तीनशे शिपाई होते, बहुतेक अरब. त्या काळी खान्देशातल्या किल्ल्यांवर पगारी अरब शिपाई मोठ्या संख्येनं असत. हिस्लॉपनं किल्लेदाराला निरोप धाडला, की तुझ्या धन्यानं तह केला आहे, आता लढशील तर तू बंडखोर ठरशील.

इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या. पहिले दरवाजे हाती आले. किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि स्वाधीन झाला. उरला शेवटचा दरवाजा. आत अरब, बाहेर इंग्रज आणि त्यांचे मद्रासकडचे शिपाई. शस्त्रं खाली ठेवण्याच्या अटींवर बोलणं सुरू झालं. कोण कुणाची भाषा किती जाणत होतं, कोण जाणे! दिंडी दरवाजा उघडला गेला आणि मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर हे मोजक्या माणसांसह त्या चिंचोळ्या दारातून आत गेले. आत झटापट झाली. दोघंही अधिकारी मारले गेले. ते कळताच बाहेरची फौज आत घुसली आणि किल्ल्यातले तीनशे लोक कापून काढले गेले. स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला हिस्लॉपनं त्याच संध्याकाळी फासावर दिलं.

ज्या माणसानं शस्त्र टाकलं होतं आणि जो त्या शेवटच्या दारापाशी कर्ता नव्हता, त्याला फाशी द्यावी का? हा प्रश्न आज मी नव्यानं काढत नाही. तो तेव्हाच विचारला गेला आणि तोही इंग्लंडात. मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या युद्धातल्या विजयाबद्दल सेनापतींच्या आभाराचे ठराव आले. तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराच्या फाशीवरून चर्चा झाली. हिस्लॉपचे आभार मानले गेले, पण त्या फाशीबद्दल सभागृह कोणतंही मत देत नाही, असं वेगळं नमूद करावं लागलं. जगभर फौजा पाठवणाऱ्या सत्तेला आपल्या विजयी सेनापतीच्या कौतुकात असा खडा ठेवावा लागला. तो खडा आपल्या तापीकाठचा होता.

आणि ते तीनशे जण? हे माझ्या मनातून जात नाही. किल्लेदाराबद्दल निदान पार्लमेंटात चार शब्द निघाले. हे अरब शिपाई पोटासाठी समुद्र ओलांडून आलेले. त्यांचे आईबाप, बायकामुलं इथं नव्हती. त्यांना आपलं म्हणावं असं इथं कुणाचं कूळ नाही. मराठ्यांच्या इतिहासात ते भाडोत्री म्हणून परके, इंग्रजांच्या इतिहासात ते शत्रू. ज्यांचं कुणी नसतं, त्यांची आठवण कुणी ठेवायची? मला वाटतं, ज्यांच्या गावात ती माणसं पडली त्यांनी. त्यासाठी त्यांची बाजू बरोबर होती, असं म्हणायची गरज नाही. इथं काय झालं, एवढं सांगितलं तरी पुरे.

त्या उंचवट्यावर उभा असताना गावातले एक वयस्क गृहस्थ काठी टेकत आले. मी पाहुणा आहे, हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, ‘आठे काय शे पाहासारखं, सर? सगळं पडी गयं.’ मी त्यांना पाच दरवाज्यांची हकिगत सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, लहानपणी आम्ही इथं खेळायचो, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि लगेच त्यांनी मला उलट विचारलं, ‘लतादीदींचं आजोळ इथलं, ते तरी माहीत शे का?’

ते मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. लता मंगेशकरांच्या आई, माहेरच्या शेवंती, या थाळनेरच्या. त्यांचे वडील शेठ हरिदास रामदास लाड हे गावातले सधन गुजराती व्यापारी आणि जमीनदार. मास्टर दीनानाथांचं पहिलं लग्न याच घरातल्या नर्मदा यांच्याशी झालं होतं. त्यांच्या निधनानंतर धाकट्या बहिणीशी, शेवंतीशी झालं. आजीकडून लतादीदी पावागढचे गरबे शिकल्या. सुरत-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या या गावात गुजराती व्यापाऱ्याचं घर असावं, हे त्या जुन्या व्यापारी वाटेला धरूनच आहे. ६ फेब्रुवारी २०२२ ला दीदी गेल्या, तेव्हा साऱ्या देशानं शोक केला. त्या आवाजातला एक धागा आपल्या शिरपूर तालुक्यातल्या एका अंगणातून निघाला होता, हे किती जणांना आठवलं असेल?

१८१८ नंतर थाळनेर आणखी मागे पडलं. खान्देशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यानं कारभारासाठी धुळं निवडलं. सरळ रेषेतले रस्ते आखून नवी पेठ वसवली. पुढं रेल्वे आली, ती भुसावळ-जळगावकडून. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांची ठाणी जळगाव आणि धुळे. प्रत्येक वेळी नवी वाट दुसरीकडून गेली आणि तापीकाठचं हे गाव आपल्या जागी राहिलं.

मदिनाचं भाग्य असं, की तिचं घर दगडाचं आहे. आपल्या किल्ल्याचा मोठा भाग मातीचा. दर पावसाळ्यात थोडी माती नदीत जाते. ती आपण परत आणू शकत नाही, आणि साठ फुटी तट पुन्हा बांधावा, असंही मी म्हणणार नाही. नवीन तट म्हणजे नाटकातला पडदा. शिवाय हे राहतं गाव आहे. लोकांना उठवून तिथं बाग करणं हे पर्यटन नव्हे. पण एक गोष्ट सहज करता येईल. मी गेलो तेव्हा मला किल्ल्यापाशी वाचण्यासारखं काही दिसलं नाही. तिथं एक दगडी फलक असावा, स्वच्छ मराठीत. वर मलिक राजाची १३७० ची जहागीर, मध्ये फिंच आणि ताव्हेर्निए, खाली २७ फेब्रुवारी १८१८. मारल्या गेलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांची नावं त्यावर असावीत, फाशी गेलेल्या किल्लेदाराचा उल्लेख असावा आणि ‘सुमारे तीनशे अरब शिपाई’ हेही शब्द असावेत. कुणाचा जयजयकार नको आणि कुणाला दूषणं नकोत. याला फार पैसा लागत नाही.

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा घुमटातसुद्धा बसवत नाही. सकाळी लवकर पोचा. आधी घुमट पाहा, ऊन तिरपं असताना नक्षी नीट दिसते. मग किल्ल्यावर चढा आणि नदी बघा. दुपारी तापीच्या काठी सावली शोधून डबा उघडा. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत असेल तर उत्तमच. कागद आणि पिशव्या मात्र परत घेऊन या. भिंतीवर नाव कोरायची हौस असलेलं कुणी बरोबर असेल, तर त्याला आधीच तंबी द्या. शिरपूर, चोपडा, अमळनेर, धुळे इथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की आठवी-नववीच्या मुलांची एक सहल इथं न्या. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला आदल्या दिवशी भेट दिली, तर मुलांना आधी कागद आणि मग जागा, असं दोन्ही बघायला मिळेल.

त्या पाच दरवाज्यांच्या जागेवर उभं करून मुलांना एकच प्रश्न विचारा, ‘तुम्ही हिस्लॉपच्या जागी असता तर त्या संध्याकाळी काय केलं असतं?’ उत्तर लगेच मागू नका. परतीच्या गाडीत ती आपसांत बोलतीलच.